जुना सर्व्हर बॅकअपमधून काढायचाय: डीपीएम, ॲझ्युअर की रेस्टिक?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत पेढीत किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये नवा सर्व्हर आला, की तो बॅकअपला जोडायची घाई सगळ्यांनाच असते. जुना बॅकअपमधून काढायचं काम मात्र रेंगाळतं आणि मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी दोन कमांड मारून ते उरकून टाकतं. बॅकअपचं साधन (डीपीएम, ॲझ्युअर आणि रेस्टिक ही तशीच तीन) निवडताना सगळे वेग आणि किंमत बघतात. माझ्या मते त्याआधी हे बघावं, की त्यातून एखादी गोष्ट काढली तर जुन्या प्रतींचं काय होतं.

कारण काढण्याचे अर्थ दोन. उद्यापासून नवा बॅकअप नको, हा एक. आजवरचे सगळे रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ज्यांवरून डेटा परत आणता येतो त्या जुन्या प्रतीही पुसून टाका, हा दुसरा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात, कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं. म्हणजे बहुतेकांना पहिलाच अर्थ हवा असतो. पण कमांडला तुमच्या मनातलं कळत नाही.

मायक्रोसॉफ्टचा डेटा प्रोटेक्शन मॅनेजर, म्हणजे डीपीएम, इथे सगळ्यात कडक. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड खिडकीत, आधी प्रोटेक्शन ग्रुपची (एकत्र बॅकअप होणाऱ्या गोष्टींच्या गटाची) बदलता येईल अशी प्रत घ्यायची, रिमूव्ह-डीपीएमचाइल्डडेटासोर्स या कमांडने त्यातून डेटा सोर्स (ज्याचा बॅकअप होतो ती गोष्ट) काढायचा आणि शेवटी सेट-डीपीएमप्रोटेक्शनग्रुपने बदल पक्का करायचा. ही शेवटची कमांड दिली नाही तर काहीच बदलत नाही, एवढी उसंत मिळते. पण मधल्या कमांडला कीपडिस्कडेटा हा स्विच (कमांडपुढे लिहायचा पर्याय) लावायचा राहिला, तर डिस्कवरच्या जुन्या प्रतीही जातात. क्लाउडवरच्या प्रतींसाठी कीपऑनलाइनडेटा हा वेगळा स्विच आहे. एक लावला म्हणून दुसरा आपोआप लागत नाही.

स्विच लावले, तर तो सोर्स इनॅक्टिव्ह म्हणून यादीत राहतो आणि रिमूव्ह-डीपीएमडेटासोर्सरेप्लिका ही कमांड देऊन कुणी पुसेपर्यंत डिस्कची जागा अडवून बसतो. इथे सांगलीकरांनी एक हिशेब जास्तीचा करावा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपुढे गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुना सर्व्हर भंगारात गेला, की डीपीएमच्या डिस्कवरची प्रत हीच शेवटची प्रत उरते. ती गावभागातल्या तळमजल्यावर असेल, तर ‘डेटा ठेवला आहे’ या वाक्यावर फार विसंबू नका. क्लाउडची प्रत असेल तर दोन्ही स्विच लावा. नसेल तर सोर्स काढण्याआधी एक प्रत बाहेरगावी हलवा.

ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवरच्या बॅकअपची गोष्ट उलटी. एझेड बॅकअप प्रोटेक्शन डिसेबल ही कमांड नुसती दिली तर बॅकअप थांबतो, जुने रिकव्हरी पॉइंट राहतात. पुसायचे असतील तर डिलीट-बॅकअप-डेटा हा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. लिहिला, तरी सॉफ्ट डिलीटमुळे (लगेच न पुसता राखून ठेवण्याच्या सोयीमुळे) डेटा निदान 14 दिवस परत आणता येतो आणि त्या दिवसांचं भाडंही लागत नाही. चुकणाऱ्या माणसासाठी ही रचना उत्तम आहे, फक्त बिल बघा. थांबवून ठेवलेल्या डेटाचं भाडं महिन्यामागून महिना चालू राहतं आणि ‘कायम ठेवा’ निवडलं असेल तर ते पॉइंट आपणहून संपत नाहीत. शिवाय ही कमांड ॲझ्युअरवरच चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनसारख्या गोष्टींसाठी आहे. ऑफिसातल्या सर्व्हरवर ॲझ्युअरचा एजंट टाकून बॅकअप घेत असाल, तर बंद करण्याची वाट वेगळी.

रेस्टिक फुकट आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालतं, पण त्याच्याकडे ‘संरक्षित सोर्स’ अशी यादीच नसते. क्रॉन किंवा टास्क शेड्यूलर या ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयींमधल्या ओळीतून टॅलीचं फोल्डर काढलं, की संपलं. यात काही पुसलं जात नाही, आणि गोची इथेच आहे. जुने स्नॅपशॉट (एकेका वेळच्या प्रती) काढणारी रेस्टिकची फरगेट कमांड त्यांचे गट होस्ट, म्हणजे मशीन, आणि फोल्डरांच्या यादीनुसार पाडते. यादी बदलली की नवा गट तयार होतो. ‘शेवटचे 7 ठेवा’ हा नियम दोन्ही गटांना वेगवेगळा लागतो, त्यामुळे जुन्या गटातले 7 स्नॅपशॉट वर्षानुवर्षं तसेच राहतात. ‘30 दिवसांतले ठेवा’ म्हटलं तरी दिवस त्या गटातल्या शेवटच्या स्नॅपशॉटपासून मोजले जातात, आजपासून नाही! मुदत संपल्यावर ते स्नॅपशॉट हातानेच नेमके निवडून फरगेट करायचे. आधी ड्राय-रन, म्हणजे काही न पुसता नुसती चाचणी, करून बघा. जागा मोकळी होते ती प्रून (न लागणारा डेटा पुसणारी कमांड) केल्यावरच, आणि तीही अपेक्षेपेक्षा कमी, कारण सारखा डेटा इतर स्नॅपशॉटही वापरत असतात.

ऑफिसात आयटीचं काम बघणारा एकच माणूस असेल आणि तोच प्रिंटरही दुरुस्त करत असेल, तर सर्व्हर ॲझ्युअरवर असताना मी दुसरं काही सुचवणार नाही. पैसे मोजायचे नसतील आणि कमांड लाइनची भीती नसेल तर रेस्टिक घ्या, पण काढलेल्या फोल्डरांची मुदत रजिस्टरमध्ये लिहा. ते काम रेस्टिक तुमच्यासाठी करणार नाही. डीपीएम आधीपासून चालू असेल तर एवढ्यासाठी बदलू नका. सोर्स काढायची एक स्क्रिप्ट तयार ठेवा, तिच्यात दोन्ही ‘कीप’ स्विच कायमचे लिहून टाका आणि हाताने कमांड टाइप करणं बंद करा.