कुर्डुवाडी जंक्शन : आठ महिने गाडी बदलून

गेले आठ महिने दर आठवड्याला बार्शीकडून येऊन कुर्डुवाडीला उतरतो आणि पुण्याची गाडी धरतो. आधी हे स्टेशन म्हणजे मधला वैताग वाटायचा. आता तासभर थांबावं लागलं तरी कुरकुर नाही. पाचपैकी चार.

एवढ्याशा गावाला एवढं जंक्शन कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. १८५९ साली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) या रेल्वे कंपनीची मोठी लाइन इथवर आली, तेव्हा स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. नावाला 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथे नाही, इथून रस्ता जातो. बार्शी पस्तीसेक किलोमीटर आत. ते अंतर तोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये छोटी गाडी सुरू केली, दोन रुळांत अंतर अडीच फूट. नाव बार्शी लाइट रेल्वे. इंजिन असो की डबा, चाकांच्या एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची युक्ती. भार सारखा वाटला की हलके रूळ पुरतात आणि डबेही ऐसपैस ठेवता येतात. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं!)

ही छोटी गाडी पुढे वाढत गेली : १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. पण दोन मापांचे रूळ भेटले की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा, आणि वारकऱ्यांनी बोचकी घेऊन गाडी बदलायची. माझं मत विचाराल तर कुर्डुवाडी याच खोळंब्यावर वाढली. छोट्या गाडीचं वर्कशॉपही इथलंच.

१९५४ मध्ये बार्शी लाइट कंपनी सरकारने घेतली आणि २०१० पर्यंत मिरजेपर्यंतचे सगळे रूळ रुंद झाले. आता लातूरहून मिरजेला बसल्या जागी जाता येतं. मला मात्र पुण्याला जायचं, म्हणजे उतरणं आलंच.

नवख्यांसाठी सांगतो : इथून पुणे, सोलापूर, लातूर, मिरज अशा चार दिशा फुटतात. गाडीचं नाव नाही, शेवटचं स्टेशन ऐका. पहिल्याच महिन्यात मी बोलत बोलत भलत्या फलाटावर जाऊन उभा राहिलो आणि माझी गाडी समोरून गेली. चूक माझीच. आषाढीच्या आठवड्यात तर बसायला जागा मिळेल ही आशाच सोडा.

त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "बार्शी लाइटनं आलास का?" मी हो म्हणालो.