जुन्या जिप्सीच्या काचांची रबरे बदलल्यानंतरचे दहा महिने

माझी मारुती जिप्सी 1998 सालची, कार्ब्युरेटर असलेल्या 1298 सीसी इंजिनाची. मी तिचा तिसरा मालक. माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी तिच्यावरचे कापडी हूड काढून बाहेरून बनवून घेतलेले फायबरचे छत बसवले होते, आणि त्या छताच्या दोन्ही बाजूंना लांबट काचा रबरात बसवलेल्या होत्या. माझे राहणे कोल्हापुरात, काजूची बाग आंबोलीच्या अलीकडे. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा तरी आजऱ्यावरून आंबोलीच्या पावसात जावेच लागते. तिथला पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि गाडीला जिथे बारीकशी फट असेल तिथून आत शिरतो. गेल्या दोन पावसाळ्यांत चालकाशेजारच्या माणसाच्या पायाखाली बोटभर पाणी साचत होते, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून डॅशबोर्डवर थेंब पडत होते आणि मागच्या बाकावर ठेवलेली काजूची पोती एका बाजूने ओली होत होती. म्हणून मागच्या मे महिन्यात सगळी रबरे एकदमच बदलायचे ठरवले. आता मार्च उजाडला आहे. एक पूर्ण पावसाळा, एक थंडी आणि धुळीचा हंगाम पाहून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

पुढच्या काचेचे रबर, दोन्ही दरवाजांच्या काचा ज्यात वरखाली होतात ते चॅनेलचे (खाचेचे) फेल्ट म्हणजे नमद्यासारखे मऊ कापड लावलेले रबर, काचेच्या तळाशी पत्र्याला लागून असणाऱ्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्या, दरवाजांच्या चौकटीचे बीडिंग (दरवाजा मिटल्यावर दाबले जाणारे रबर) आणि मागच्या दरवाजाचे बीडिंग ही सगळी जिप्सीचीच रबरे असल्यामुळे ती मिळाली. ही गाडी लष्कराने आणि पोलिसांनी इतकी वर्षे वापरली की, उत्पादन थांबल्यावरही तिचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झालेले नाहीत. खरा प्रश्न होता तो छताच्या बाजूच्या काचांचा. त्या छताला ना कंपनी, ना भाग क्रमांक. तिथे मीटरवर मिळणारे, ज्याच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत छताची कड बसते असे, इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाचे रबर लागते. काच 5 मिलिमीटरची होती, परंतु फायबरची कड कुठे 3 तर कुठे जवळजवळ 4 मिलिमीटर भरत होती. दुकानात सहज मिळणारे रबर पत्र्याच्या कडेसाठी असते आणि पत्रा तर जेमतेम 1 मिलिमीटरचा असतो. ते फायबरवर ओढूनताणून बसते, पण त्याचे ओठ, म्हणजे खाचेच्या कडा, कायम फाकलेले राहतात आणि पाणी अडवण्याचे काम त्या ओठांनीच करायचे असते. जुन्या रबराचा बोटभर तुकडा सोबत घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या चार दुकानांत फिरल्यावर जुळणारा छेद मिळाला. ज्यांच्या गाडीवर असे बाहेरचे छत आहे, त्यांनी रबर घ्यायला जाण्यापूर्वी कडेची जाडी किमान सहा-सात ठिकाणी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

रबराच्या जातीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दुकानात दोन सारखी दिसणारी काळी रबरे समोर ठेवली जातात आणि किमतीत दुपटीचा फरक असतो. माझी जुनी रबरे कोपऱ्यांवर तडकलेली होती आणि त्या भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात होत्या. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो आणि जिथे रबर ताणलेले असते तिथे भेगा आधी पडतात. कोपरे म्हणूनच पहिल्यांदा जातात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसल्यामुळे ते ऊन, पाऊस आणि ओझोन यांना फार चांगले तोंड देते. मात्र त्याचा एक शत्रू आहे आणि तो आपल्याकडे हमखास भेटतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल मिसळलेले ऑइल फवारून घेण्याची पद्धत कोकणात आणि घाटावर सर्रास आहे. हे फवारे दरवाजाच्या खालच्या बीडिंगवर उडतात आणि खनिज तेलाने ईपीडीएम फुगते, मऊ पडते. मी या वर्षी फवारणी रबरे बसवण्याच्या आधी करून घेतली आणि कडा साबणाने धुऊन काढल्या. रबराला लावण्यासाठी ग्रीस किंवा ऑइल कधीही वापरू नये; सिलिकॉनचा स्प्रे चालतो.

खरेदीपूर्वी मी दोन्ही प्रकारच्या रबरांचे वीतभर तुकडे मागून घेतले, ते दुमडून कागदाच्या चिमट्यात अडकवले आणि आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवले. चिमटा काढल्यावर महागडा तुकडा काही मिनिटांत जवळजवळ सरळ झाला. स्वस्त तुकडा मात्र दुमडलेलाच राहिला. दाबले गेल्यावर पुन्हा उसळून येणे हाच या वस्तूचा सगळा गुण आहे, तेव्हा हा आठवडा वाया गेला असे मला वाटत नाही.

पुढची काच काढली तेव्हा या कामाचे खरे स्वरूप दिसले. रबराखालची पत्र्याची कड दोन्ही खालच्या कोपऱ्यांत गंजून खवले धरलेली होती आणि उजव्या कोपऱ्यात तर कोणीतरी पूर्वी पांढरे सिलिकॉन थापले होते. ते खरवडल्यावर त्याखालचा पत्रा सर्वांत जास्त खाल्लेला निघाला. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला ते गंज चढवते. म्हणजे गळती थांबवण्यासाठी लावलेल्या वस्तूनेच गळतीची जागा वाढवली होती. मी ज्या मिस्त्रींकडे काम दिले होते त्यांचे म्हणणे होते, “साहेब, रबर नवीन घातलं की सगळं झाकतंय.” झाकले जाईल हे खरे, परंतु खडबडीत कडेवर रबराचा ओठ टेकतच नाही. मी काम दोन दिवस थांबवले. लोखंडी ब्रश आणि पॉलिश पेपरने कड चकचकीत केली, गंज उरलेल्या खड्ड्यांत गंजरोधक द्रव लावला, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात दिले. रंग पूर्ण वाळल्याशिवाय रबर चढवू दिले नाही, कारण ओल्या रंगाला रबर चिकटले तर पुढच्या वेळी रंगच सोलून निघतो. या सगळ्या कामातला सर्वांत फायद्याचा खर्च कोणता, असे कोणी विचारले तर मी या दोन दिवसांकडेच बोट दाखवीन. दहा महिन्यांत त्या कोपऱ्यांतून एकही थेंब आत आलेला नाही.

जिप्सीची पुढची काच सपाट असल्यामुळे ती बसवणे आधुनिक वळणदार काचांच्या मानाने सोपे आहे. रबर तासभर उन्हात पसरून मऊ करून घेतले, आधी काचेवर चढवले, पत्र्याच्या बाजूच्या खाचेत सभोवार नायलॉनची दोरी घातली आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून घेऊन आत सोडली. कडेला साबणाचे पाणी लावून काच बाहेरून टेकवली. दोघे बाहेरून तळहाताने दाबत गेले आणि आतल्या माणसाने दोरी सावकाश ओढली, तसा रबराचा आतला ओठ कडेवरून उलटून आत येत गेला. घाई एकाच ठिकाणी घातक ठरते: कोपऱ्यावर दोरी अडली की तिथे जोर लावायचा नाही, थोडे साबणपाणी घालून बाहेरचा दाब सारखा करायचा. पुढची काच थरांची असते आणि एका बिंदूवर दाब आला तर कोपऱ्यातून तडा जातो.

बाजूच्या काचांच्या बाबतीत जे झाले ते इतरांच्या उपयोगाचे आहे. डाव्या काचेच्या वेळी मी समोर होतो. रबर घेरापेक्षा सुमारे 20 मिलिमीटर जास्त ठेवून कापले आणि ते आतल्या बाजूला ढकलत, दाबून बसवले. रबराच्या दोन टोकांचा सांधा खालच्या बाजूला मधोमध घेतला. उजव्या काचेच्या वेळी मला बँकेत जावे लागले. परत आलो तेव्हा काम पूर्ण झाले होते आणि ते इतके नेटके दिसत होते की मी काही विचारले नाही. त्या बाजूला रबर ताणून बसवले गेले होते. पूर्ण पावसाळाभर दोन्ही बाजूंत काही फरक दिसला नाही. डिसेंबरात थंडी पडली आणि उजव्या बाजूचा सांधा उघडून 5 ते 6 मिलिमीटरची फट पडली. ताणलेले रबर आपल्या मूळ लांबीकडे हळूहळू परत येते, आणि तसे ते येणारच होते. डावा सांधा आजही इतका मिटलेला आहे की तो शोधण्यासाठी नख फिरवावे लागते.

आता पायाखालच्या पाण्याविषयी, कारण माझा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच दूर झाला. दोन वर्षे मी समजत होतो की दरवाजाच्या काचेची तळाची पट्टी खराब झाल्यामुळे पाणी आत येते. वस्तुतः त्या पट्टीने सगळे पाणी अडवावे अशी दरवाजाची रचनाच नसते. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी दरवाजाच्या पोटात उतरतेच, आणि ते तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडावे अशी सोय केलेली असते. आतल्या बाजूने, दरवाजाच्या पॅडच्या मागे, एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी गाडीच्या आतल्या भागापासून दूर ठेवतो. माझ्या डाव्या दरवाजात तो कागद अर्धा फाटलेला होता, बहुधा काच वरखाली करणारी मशीन दुरुस्त करताना कोणीतरी फाडला असावा, आणि तळाची भोके लाल मातीने व पानांच्या चुऱ्याने बंद झालेली होती. पट्टी न बदलता केवळ भोके मोकळी केली असती आणि जाड पॉलिथिनचा नवा कागद ब्युटाइलच्या चिकट पट्टीने लावला असता, तरी पायाखालचे पाणी थांबले असते असे मला आता खात्रीने वाटते. त्याचा खर्च दोनशे रुपयांच्या आतला होता. बाकी सगळ्या कामाला, मजुरीसह, अकरा हजारांच्या आसपास पडले.

गळती शोधताना पाण्याचा पाइप खालून वर न्यावा, हेही याच अनुभवातून शिकलो. वरून पाणी सोडले की ते सगळीकडून ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. आधी दरवाजाचा तळ, मग काचेची तळाची पट्टी, मग बाजू आणि शेवटी छताची कड, प्रत्येक ठिकाणी पाचेक मिनिटे पाणी सोडून आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवावा.

वापरातल्या त्रासाचेही सांगितले पाहिजे. नव्या चॅनेल-रबरात काच पहिले महिना-दीड महिना फार जड फिरत होती. हँडल जोरात फिरवले तर मशीनचे दात जातील या भीतीने मी काच वर नेताना दुसऱ्या हाताने आधार देत होतो. फेल्टवर दोनदा सिलिकॉनचा स्प्रे मारल्यावर आणि थोडा वापर झाल्यावर ती मोकळी झाली. दरवाजेही सुरुवातीला आपटल्याशिवाय लागत नव्हते. कुलपाचा खांबावरचा भाग मिलिमीटरभर बाहेर सरकवून घेतला, जुलैच्या शेवटी बीडिंग बसल्यावर तो पुन्हा आत घेतला. माझ्या आईला मात्र त्या दोन महिन्यांत दरवाजा लावणे जमत नसे, आणि घरात वृद्ध माणसे असतील तर हे लक्षात ठेवावे.

आवाजात पडलेला फरक अपेक्षेपेक्षा कमी आहे. ताशी 60 च्या आसपास पूर्वी काचा थरथरत, तो आवाज पूर्ण थांबला. त्यापुढे वाऱ्याचा आवाज जवळजवळ पूर्वीइतकाच आहे, कारण गाडीचा आकारच उभ्या पेटीसारखा आहे आणि फायबरच्या छताला आतून अस्तर नाही. केवळ शांततेसाठी कोणी हा खर्च करत असेल तर त्याने करू नये.

धुळीचा फायदा मात्र मी गृहीतच धरला नव्हता. दिवाळीनंतर बागेकडच्या तीन किलोमीटर कच्च्या रस्त्यावर जांभ्याची लाल धूळ उठते. गाडी चालताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दरवाजात फट असेल तर ती धूळ अक्षरशः आत ओढली जाते. जिप्सीच्या मागच्या दरवाजावर स्टेपनी टांगलेली असते; वर्षानुवर्षांच्या त्या वजनाने बिजागऱ्या सैल होऊन दरवाजा कुलपाच्या बाजूला खाली झुकतो आणि वरच्या कोपऱ्यात बीडिंग दाबलेच जात नाही. नवे बीडिंग लावूनही तिथे कागदाची पट्टी सहज ओढून निघत होती. बिजागरीखाली पातळ वॉशर घालून दरवाजा वर उचलल्यावरच ती पट्टी अडली. या हंगामात मागच्या बाकावर बोट फिरवले तर बोट लाल होत नाही. काजूबोंडांच्या पाट्यांवर आता ताडपत्री घालावी लागत नाही.

उजव्या बाजूच्या काचेचे रबर येत्या मे महिन्यात, पहिल्या वळवानंतर हवा थोडी निवली की, नव्याने बसवणार आहे. त्यासाठी लागणारे चार मीटर रबर त्याच दुकानातून आत्ताच आणून, सैल वेटोळे करून, अंधाऱ्या खोलीत ठेवले आहे. त्या दिवशी मी दुसरे कोणतेही काम ठेवलेले नाही.