स्टेप बाय स्टेप गणित सोडवणारं अ‍ॅप, घातांकाच्या समीकरणांसाठी कसं आहे

समीकरण टाइप केलं की एकेक स्टेप उलगडून दाखवणारं हे अ‍ॅप दोन महिने झाले वापरतेय, मुलगी घातांकाच्या समीकरणांत अडकली होती म्हणून घेतलं आणि तिच्याबरोबर बसायचं तर मलाही सगळं परत शिकावं लागलं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते लगेच उत्तर देत नाही, आधी विचारतं की आता काय करणार, पाया (ज्या संख्येचा घात घेतलाय ती) सारखा करणार, लॉग (पायाचा कितवा घात घेतला की ती संख्या येते ते सांगणारा आकडा) घेणार की नवीन अक्षर धरणार. पहिल्याच दिवशी ४ रेज टू एक्स (म्हणजे ४ चा एक्सवा घात) = ८ हे आलं आणि मुलीने पटकन एक्स = २ लिहिलं, कारण चार दुणे आठ. अ‍ॅपने फक्त एवढंच दाखवलं की ४ म्हणजे २ चा वर्ग आणि ८ म्हणजे २ चा घन, म्हणजे दोन्हीकडे पाया २ झाला, मग २एक्स = ३ आणि एक्स दीड. घात दीड कसा असेल यावर ती अडून बसली होती, मग आम्ही ४ चं वर्गमूळ २ काढलं, त्याचा घन केला, ८ आले, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

पाया सारखा होतच नसेल तिथे लॉग. ३ रेज टू (एक्स + १) = ५ रेज टू एक्स यात दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन घात खाली कसा आणायचा, मग एक्सची पदं एका बाजूला कशी घ्यायची हे फार छान दाखवलंय, उत्तर साधारण २.१५ येतं.

आता खटकलेलं. २ रेज टू एक्स + २ रेज टू (एक्स + १) = २४ यात मुलीने प्रत्येक पदाचा वेगवेगळा लॉग घेतला, अ‍ॅप नुसतं ‘चूक’ म्हणालं. अहो का चूक ते सांगा ना, गुणाकाराचा लॉग सुटा होतो, बेरजेचा होत नाही, ही चूक तर कितीतरी मुलं करतात! खरं तर २ रेज टू एक्स कॉमन काढलं की कंसात १ + २ उरतं, म्हणजे २ रेज टू एक्स = ८ आणि एक्स = ३, लॉगची गरजच नाही.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. ९ रेज टू एक्स − ८ गुणिले ३ रेज टू एक्स − ९ = ० यात ३ रेज टू एक्सला टी धरलं की साधं वर्गसमीकरण होतं आणि टी = ९ किंवा −१ येतो. अ‍ॅप −१ गुपचूप गाळून थेट एक्स = २ देतं. −१ का चालत नाही हाच तर या गणिताचा जीव आहे, घात कितीही ऋण घ्या, ३ रेज टू −२ सुद्धा १/९ म्हणजे धनच, शून्यही कधी येत नाही.

ग्राफ मात्र मस्तच. २ रेज टू एक्स = एक्सचा वर्ग याची २ आणि ४ ही उत्तरं आम्ही अंदाजानेच काढली होती, ग्राफवर तिसरा छेद दिसला, −०.७७ च्या जवळ, तो आम्हाला सुचलाच नसता.

पाचपैकी चार स्टार. −१ वाल्या स्टेपबद्दल फीडबॅक पाठवलाय, तोपर्यंत आम्ही टी धरला की लगेच वहीत शेजारी ‘टी > ०’ लिहून ठेवतो.