सिग्नल वापरतोय दोन वर्षं, चांगलं काय आणि कटकट काय

सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप फोनवर टाकलं तेव्हा ताई म्हणाली, काय रे, लफडं बिफडं आहे की काय? तसलं काही नाही हो. आपलं बोलणं आपल्यात राहावं एवढंच, उद्या कुठल्या सरकारी खात्याला वाटलं याचे चॅट बघूया तर निदान अ‍ॅपवाल्याकडून तरी ते मिळू नयेत.

आता एन्क्रिप्शन (म्हणजे मेसेज फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल अशी गुप्त भाषा) म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपमध्येही सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे तीच पद्धत आहे, 2016 पासून. मग फरक कशात? मेसेजच्या आजूबाजूच्या माहितीत. कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा, कुठल्या ग्रुपमध्ये, हे कळलं की आतला मजकूर न वाचताही बरंच समजतं. सिग्नल हे साठवतच नाही. 2016 मध्येच अमेरिकेत व्हर्जिनियातून ग्रँड ज्युरीचं (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) सिग्नलला समन्स आलेलं, दोन नंबरांबद्दल, नाव पत्ता वगैरे सगळं मागितलेलं, वर कुणाला सांगायचं नाही अशी तंबी. त्यातला एकच नंबर सिग्नलवर होता आणि त्याचं त्यांनी दिलं काय, तर अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं, बास. बाकी द्यायला नव्हतंच. मला हे जाम आवडलं, कारण "आम्ही तुमची माहिती जपतो" सगळेच म्हणतात, पण कोर्टाचा कागद आला की जपून ठेवलेलं द्यावंच लागतं.

आता कटकटी. अकाउंट उघडायला फोन नंबर लागतोच, 2024 पासून युजरनेम आलंय त्यामुळे समोरच्याला नंबर दिसत नाही एवढा दिलासा. दुसरं म्हणजे नोटिफिकेशनचं सेटिंग आधी बदला, नाव आणि मेसेज दोन्ही बंद, नाहीतर एवढं एन्क्रिप्शन करून मेसेज लॉक स्क्रीनवर झळकणार आणि टेबलाभोवतीचे चार जण वाचणार (माझं झालंय). आपोआप गायब होणारे मेसेज मस्त आहेत, मी सगळीकडे एक आठवडा लावून ठेवला आणि ताईने पाठवलेला एक पत्ता नेमका निघायच्या दिवशी गायब, परत मागितला तर बाईसाहेबांनी आधी अर्धा तास ऐकवलं मग दिला.

आणि एक गैरसमज नको. पेगाससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्येच शिरलं तर ते स्क्रीनवरचंच वाचतं, तिथे सिग्नल काय करणार? फोन अनलॉक करून कुणाच्या हातात दिला तरी तेच. म्हणून बोटाच्या ठशापेक्षा लांब पासकोड ठेवा, बोट धरून लावता येतं. लिंक्ड डिव्हायसेसची (तुमच्या अकाउंटला जोडलेल्या इतर कॉम्प्युटर-टॅबची) यादीही अधूनमधून बघत जा, ओळखीचं नसेल ते काढून टाका.

पाचपैकी साडेचार, अर्धा फोन नंबर लागतो म्हणून कापला. ताई आता स्वतःच वापरते, तिचा टायमर एक दिवसाचा आहे, कारण विचारायची माझी हिंमत नाही.