सील गळत होतं, त्यानं वाइंडिंग बदललं: माझे १२,६०० रुपये गेले

पाच एचपीच्या मोनोब्लॉक मोटरचं (पंप आणि मोटर एकत्र असते तिचं) सील, म्हणजे शाफ्टजवळून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग, थेंब थेंब गळत होतं. तेवढ्यासाठी सोलापुरातल्या एका वाइंडिंगच्या (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) दुकानात नेली. वाइंडिंग ७,५००, मेकॅनिकल सील १,८५०, दोन बेअरिंग १,४००, स्लीव्ह ६५०, मजुरी १,२००. एकूण १२,६००. पाच हजार रोख, ७,६०० फोनवरून. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही.

त्यानं मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला आणि काटा स्वतःकडंच ठेवून म्हणाला, "काका, वाइंडिंग गेलंय, शून्य दाखवतंय." त्याच सकाळी त्या मोटरनं उसाला पाणी दिलं होतं! वाइंडिंगची तार खरंच मोटरच्या बॉडीला लागली असती तर स्टार्टर दाबल्यावर फ्यूज उडाला असता, नाहीतर बॉडीला शॉक तरी बसला असता. जळका वास नाही, काही नाही. "तिथंच ओळखायला पाहिजे होतं" असं आता घरातले सगळे ऐकवतात. एप्रिलच्या उन्हात ऊस करपत असताना मीटर हातात घेतलेल्या कारागिराला खोटं कोण म्हणतो? शिवाय सील गळलं की पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये आणि तिथून वाइंडिंगपर्यंत जातं, हे खरंच आहे. त्या खऱ्याच्या आडून त्यानं खोटं विकलं. नुसतं ओल धरलेलं वाइंडिंग बल्ब लावून सुकवता येतं, हे तो बोललाच नाही. मेगर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

महिन्याच्या आत मोटर तापायला लागली, सील पुन्हा गळायला लागलं. गावातल्या फिटरनं उघडून तारेवर ब्लेड ओढलं. वरून तांबूस लेप, आत पांढरी ॲल्युमिनियम! आमचं जुनं तांबं त्यानं ठेवून घेतलं ते वेगळंच. सीलचं रबर तेवढं नवं. सीलची कार्बनची चकती जुनीच, घासून बसवलेली, आणि समोरच्या सिरॅमिकच्या चकतीवर जुनी चरी तशीच. सीलच्या दोन्ही चकत्या जोडीनंच बदलायच्या असतात. जुने भाग आणि काढलेलं तांबं वजन करून मागून घ्या, तिथंच.

दुकानात गेलो तर उलट मलाच, "तुम्ही पाणी न भरता चालवली, सील जळणारच." फूटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी खाली जाऊ न देणारी झडप) धड, मोटर रोज भरून चालू करणारा मी!

चौकीत गेलो. "हा दिवाणी मामला, आम्ही काय करणार?" तांब्याच्या पैशात ॲल्युमिनियम भरणं ही फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात पक्की पावती आणा म्हणाले. अहो, पावती दिली नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, हे टेबलापलीकडच्या माणसाला मी सांगायचं? एकानं तर सुचवलं, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला फिरता?" एवढीशी रक्कम! शेतकऱ्याला विचारा १२,६०० म्हणजे काय ते.

फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद माझ्याकडं आहे, उघडलेल्या मोटरचे फोटो आहेत, फिटर जबाब द्यायला तयार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. रोख देऊ नका. कागद तयार झाले की मी दावा टाकतोय, मजुरीसकट सगळे पैसे मागणार.