शिकारी रायफल बांधून घ्यायची आहे, अ‍ॅक्शन कोणती निवडावी?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी रायफलीचा विषय जवळपास मिटला. अमेरिकेत तो जिवंत आहे. कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटानाच्या डोंगरात रीतसर परवाना काढून एल्क किंवा म्यूल डिअर या हरणांच्या मागे जाणाऱ्याला काही हंगामांनंतर स्वतःच्या मापाची रायफल बांधून घ्यावीशी वाटते. तिथे राहणारा कुणी मराठी वाचक या टप्प्यावर आला असेल, तर हा आढावा त्याच्यासाठी आहे.

नळी, दस्ता, चाप, दुर्बीण हे सगळं पुढे बदलता येतं. बोल्ट (काडतूस नळीत ढकलून बंद करणारा सरकता भाग) आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर, म्हणजेच अ‍ॅक्शन, बदलली की रायफलच दुसरी होते. अमेरिकी कायदाही १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टपासून रिसीव्हरलाच बंदूक मानतो, त्यामुळे दुकानातून नुसती अ‍ॅक्शन घेतली तरी खरेदीदाराच्या तपासणीचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संघीय कायद्याने त्यांना बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक मुख्य अपवाद आहे. परवाना आधी काढा, अ‍ॅक्शन मग बघा. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही वाचा.

अ‍ॅक्शन निवडताना अचूकतेचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. चांगली नळी जाणत्या गनस्मिथने (बंदुकीच्या कारागिराने) बसवली, तर खाली आलेली प्रत्येक अ‍ॅक्शन शिकारीला पुरेल इतकी अचूक मारते. आधी बघायचं ते पुढे बदलता न येणारं: अ‍ॅक्शन किती लांब आहे, काडतूस कसं उचलते आणि सेफ्टी नेमकं काय अडवते.

लांबीचं उदाहरण अमेरिकी सैन्यानेच घालून दिलंय. १९८८ मध्ये त्यांनी एम२४ ही स्नायपर रायफल रेमिंग्टन ७०० वर बांधली. काडतूस ७.६२ नाटोचं, म्हणजे आखूड, तरी अ‍ॅक्शन मुद्दाम लांब घेतली. दोन दशकांनी .३०० विंचेस्टर मॅग्नम हवं झालं, तेव्हा त्याच रायफलींचं रूपांतर करता आलं. लांब अ‍ॅक्शनमध्ये आखूड काडतूस चालतं, आखूड अ‍ॅक्शनमध्ये लांब काडतूस मावत नाही. .३०८, ७एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर ही साधारण २.८ इंच लांबीची आखूड काडतुसं, तर .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ३.३४ इंचांपर्यंत जातात. मनात एल्क असेल आणि काडतुसाचं नक्की नसेल, तर लांबच घ्या. वाढणारं वजन अगदी थोडं असतं.

आता रेमिंग्टन ७००. १९६२ पासून बाजारात असलेली ही अ‍ॅक्शन अमेरिकेतल्या प्रत्येक गनस्मिथच्या हाताखालून गेलेली आहे. रिसीव्हर गोल, नळीसारखा, त्यामुळे लेथवर धरायला सोपा. टिम्नी, ट्रिगरटेक, जुएल यांचे चाप आणि मॅकमिलन, मॅनर्सचे दस्ते तिच्यात थेट बसतात. सुट्या भागांच्या बाबतीत दुसरी कुठलीही अ‍ॅक्शन तिच्या जवळ येत नाही.

पण हिशोब मांडून बघा. जुनी ७०० घ्यायची, रिसीव्हरचं तोंड आणि आटे लेथवर सरळ करून घ्यायचे, बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे कान) घासून दोन्ही बाजूंनी सारखे टेकतील असे करायचे, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये वॉशरसारखा अडकवलेला रिकॉइल लग (बाराचा दणका दस्त्यावर घेणारा तुकडा) जाडसर घालायचा, चाप नवा घ्यायचा. एवढं होईपर्यंत खर्च झर्मॅट आर्म्सच्या ओरिजिनसारख्या तयार अ‍ॅक्शनच्या जवळ पोचतो, आणि तिला चाप-दस्ते ७०० चेच लागतात. म्हणून घरात ७०० आधीपासून असेल तर तिच्यावर जरूर बांधा. नव्याने विकत घेऊन वर मशिनचं काम करून घेण्यात मला फायदा दिसत नाही.

जुन्या ७०० चा चाप तपासल्याशिवाय तिला हात लावू नका. जुन्या वॉकर चापात चाप न ओढताच गोळी सुटते, या आरोपावरून वर्षानुवर्षे खटले चालले. त्यानंतर आलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने स्वतः २०१४ मध्ये परत बोलावल्या. शिवाय १९८२ पूर्वीच्या ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, त्यामुळे काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी उघडावी लागते. थंडीत बोटं बधिर झालेली असताना ही रचना मला अजिबात नको.

विंचेस्टर मॉडेल ७० इथेच वेगळी पडते. तिची तीन टप्प्यांची सेफ्टी चापाला नाही, काडतुसाला ठोका देणाऱ्या फायरिंग पिनलाच थेट मागे धरून ठेवते. मधल्या टप्प्यावर पिन बंद राहते आणि बोल्ट उघडतो, म्हणजे पूर्ण सुरक्षित स्थितीत रायफल रिकामी करता येते. दिवसभर डोंगर चढून-उतरून अंधारात गाडीजवळ रायफल रिकामी करणाऱ्याला याची किंमत कळते.

दुसरा गुण तिच्या पंजाचा. माऊसर ९८ या जुन्या जर्मन सैनिकी रायफलीकडून आलेला लांब एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा पंजा) काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कडा पकडतो. घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेऊन पुन्हा मागे ओढला, तरी ते काडतूस बाहेर येतं आणि दुसरं त्याच्या मागे घुसत नाही. ७०० मध्ये बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो आणि शेवटी कडेवर चढतो, त्यामुळे अशा अर्धवट हालचालीने दोन काडतुसं एकमेकांत अडकू शकतात. हरणासाठी हा फरक फारसा जाणवणार नाही. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात मला पंजाच हवा.

घेताना वर्ष मात्र बघा. १९३६ पासूनची पंजाची रचना कंपनीने १९६४ मध्ये काढून टाकली आणि १९९० च्या दशकात परत आणली. मधल्या काळातल्या अ‍ॅक्शन ढकलून भरणाऱ्या आहेत. वाईट नाहीत, पण मॉडेल ७० ज्या गुणासाठी घ्यायची तो त्यांच्यात नाही. न्यू हेवनचा जुना कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि त्यानंतरचं उत्पादन बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेलं. त्या नव्या अ‍ॅक्शन मी बेलाशक घ्या म्हणेन. सपाट बूड आणि रिसीव्हरलाच घडवलेला रिकॉइल लग यांमुळे ती दस्त्यात पक्की बसते. उणीव म्हणजे तयार चाप आणि दस्ते ७०० पेक्षा कमी मिळतात.

खुद्द माऊसर ९८ वर बांधायची हौस पुष्कळांना असते. जुन्या सैनिकी अ‍ॅक्शनला दुर्बिणीसाठी भोकं पाडणं, बोल्टचा दांडा वाकवणं, सेफ्टी बदलणं या सगळ्याची मजुरी अ‍ॅक्शनच्या किमतीला केव्हाच मागे टाकते. सुंदर काम करणारा कारागीर आणि सवड दोन्ही असतील तरच.

फिनलंडची टिका टी३एक्स या सगळ्यांपेक्षा नव्या काळातली आहे. टी३ २००३ मध्ये आली, टी३एक्स २०१६ मध्ये. कारखान्यातून येते तशीच इतकी सरळ आणि गुळगुळीत असते की लेथचं काम जवळपास उरतच नाही. मापं सगळ्या रिसीव्हरांत इतकी सारखी असतात की खांदा पाडलेल्या तयार नळ्या तिच्यासाठी मिळतात. बोल्ट ७० अंशांतच उघडतो, म्हणून मोठी दुर्बीण असली तरी हात अडत नाही.

तिच्याही खोडी आहेत. सगळ्या काडतुसांना एकाच लांबीचा रिसीव्हर, त्यामुळे आखूड काडतूस निवडून लांबी वाचत नाही. जुन्या टी३ मध्ये कवच फेकायची खिडकी लहान होती, हातमोजे घालून एकेक काडतूस आत टाकणं जिकिरीचं; टी३एक्समध्ये ती रुंद केली. सगळ्यात खटकतं ते म्हणजे सेफ्टी दोनच टप्प्यांची आहे आणि लावली की बोल्टही बंद होतो. जुन्या ७०० बद्दल जी तक्रार केली तीच इथेही आहे, फक्त चाप भरवशाचा आहे. काडतूस काढताना नळीचं तोंड कुठे आहे याची सवय अंगात भिनलेली हवी.

जपानची हाउवा १५०० कमी बोलली जाते, पण बजेट आवळलेलं असेल तर माझं पहिलं बोट तिच्याकडे जाईल. वेदरबी व्हॅनगार्ड याच अ‍ॅक्शनवर बनत आली. सपाट बूड, अंगचाच रिकॉइल लग, तीन टप्प्यांची सेफ्टी, आणि नळी बसवलेली अ‍ॅक्शन दस्त्याविना विकत मिळते. आधी दस्ता घाला, दोन हंगाम मारा, मग नळी बदला. आटे मेट्रिक आहेत, हे नळी मागवताना गनस्मिथला सांगा.

सॅव्हेज ११० त्याच्यासाठी, ज्याला घरच्या बाकावर स्वतः काम करायचंय. नळी एका नटने आवळलेली असते, त्यामुळे गेज वापरून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) स्वतः लावता येतो. बोल्टचं डोकंही सुटं आहे, लांबी पुरत असेल तर ते आणि नळी बदलून .३०८ वरून मॅग्नमवर जाता येतं. बाकीच्या अ‍ॅक्शनना त्यासाठी नवा बोल्ट किंवा मशिनचं काम लागतं. बोल्ट उचलायला जड जातो, आणि स्क्रूंमधलं अंतर वर्षागणिक बदललेलं असल्याने दस्ता मागवण्यापूर्वी मोजून घ्या.

एल्कसाठी .३०-०६ ची रायफल बांधायची तर मी एफएनच्या काळातली मॉडेल ७०, लांब अ‍ॅक्शन, घेईन. उंचावर पाठीवर वाहायची हलकी ७एमएम-०८ हवी असेल तर टिका. दुकानात पैसे देण्याआधी मालकाची परवानगी घेऊन आपल्या काडतुसाची डमी (दारू नसलेली नक्कल) मॅगझिनमध्ये भरा, बोल्ट हळू आणि जोरात दोन्ही तऱ्हांनी चालवून बघा. मग बोल्ट काढून लगांच्या मागच्या बाजूची घासण पाहा. दोन्हीकडे सारखी चमक असेल तर लग नीट टेकतायत, एकाच बाजूला असेल तर गनस्मिथच्या कामाचे पैसे भावातून कमी करून मागा.