१९५४ ची गिब्सन एल-५० : आठ महिने वाजवल्यावर

ही जुनी आर्चटॉप गिटार, म्हणजे टॉप (वरची फळी) व्हायोलिनसारखा फुगीर असलेली, घेऊन आठ महिने झाले, आता लिहितोय. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि ही बनली ते कलामझू इथून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर. गिब्सनने १९८४ मध्ये तिथला कारखाना बंद केला, सगळं नॅशव्हिलला. एफ-होलमधून (टॉपवरच्या एफ आकाराच्या फटीतून) मोबाइलचा टॉर्च मारला की आत पाठीवर शाईचा नंबर दिसतो, त्याचं अक्षर एक्स, म्हणजे १९५४. अक्षरं उलटी चालायची, ५२ ला झेड, ५३ ला वाय, मग एक्स. कुणाचं डोकं देव जाणे.

आधी बरीच वर्षं ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची, सपाट टॉपची गिटार) वाजवलेली, त्यामुळे घरी आणून पहिला जी कॉर्ड मारला आणि तोंडच उतरलं. खणकन वाजते आणि विझते. घुमणं नाही, गोडवा नाही. बायको आतून म्हणाली, एवढे पैसे देऊन हे? (दोन हजार डॉलरच्या आत पडली, पण तरी.)

अर्धा दोष तारांचा निघाला. आधीच्या मालकाने १० च्या बारीक तारा लावल्या होत्या, त्यांनी या लाकडाला जागच येत नाही. १३ च्या फॉस्फर ब्राँझ आणल्या आणि उत्साहात जुन्या सगळ्या एकदम काढल्या, तर ब्रिज (तारांखालची घोडी) टपकन हातात! आर्चटॉपचा ब्रिज चिकटवलेला नसतोच ना, तारा मागे टेलपीसला (गिटारच्या मागच्या टोकाच्या पट्टीला) अडकवलेल्या आणि ब्रिज नुसता त्यांच्या दाबावर उभा, व्हायोलिनसारखा. आता तो होता कुठे? मग बाराव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवत बसलो, दाबलेला चढा लागला की ब्रिज किंचित मागे. तास गेला. आता एकेक तारच बदलतो.

त्या नादात कळलं की ब्रिज मूळचा नाहीच. दुकानदार "ऑल ओरिजिनल" म्हणाला होता, पण ब्रिजच्या पायाखाली कागद सरकत होता. हा टॉप म्हणजे स्प्रूसची जाड फळी कोरून आणलेला फुगवटा, त्यावर सपाट पाय कसा बसणार? टॉपवर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवला आणि ब्रिज त्यावर हळूहळू घासला, पाय त्या उंचवट्याला बेतून येईपर्यंत. दोन संध्याकाळी लागल्या. तारा चढवल्या आणि खरं सांगतो, गिटारच बदलली. आवाज पोटातून यायला लागला.

आणि मग ते विझणं आवडायला लागलं. जॅझच्या बिग बँडमध्ये (मोठ्या वाद्यवृंदात) ट्रम्पेट-सॅक्सच्या गदारोळातून ताल ऐकू जावा म्हणून ही जात पुढे आली, तिथे सूर रेंगाळला तर पुढच्या मात्रेत लुडबूड. काउंट बेसीच्या अशाच बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळपास पन्नास वर्षं हेच करत बसले, चार मात्रा, सोलो जवळजवळ नाहीच. त्यांच्या गिटारी महागड्या, माझी गिब्सनची स्वस्तातली, पण कूळ एकच. डावा हात सैल सोडला की आवाज बंद, म्हणजे ठेका दोन्ही हातांनी धरायचा, हे मला चाळिशीत कळलं. ड्रेडनॉट चुका पोटात घालते, ही चव्हाट्यावर आणते.

त्रास आहेतच. ट्यूनरच्या (तारा ताणायच्या खुंट्यांच्या) प्लास्टिक बटणांपैकी दोन नुसती हात लावल्यावर भुगा झाली, नवीन बसवली. इथल्या थंडीत हीटर चालू असला की घरातली हवा कोरडीठाक, म्हणून केसमध्ये ह्युमिडिफायर, ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. लॅकरला (वरच्या रोगणाला) बारीक तडे आहेत, ते मात्र मला आवडतात, जुन्या चिनी बरणीसारखे. आणि मान जाड आहे हां, लहान हातवाल्यांनी आधी धरून बघा.

आईने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, ही मोहनवीणा का रे? तशी ती फार चुकली नाही, विश्वमोहन भटांनी आर्चटॉपलाच जादा तारा चढवून मोहनवीणा केली. पुण्याला घेऊन ये म्हणते. पण फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा, ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत, सीमा ओलांडायची तर कागदपत्रं हवीत. तेव्हा दिवाळीला मी एकटाच जातोय.